मांडवातला खर्ज



चालकांनी मला गिरणी-कामगारांच्या लढ्याच्या इतिहासावर बोलावयास सांगितले होते. मी विषय बदलून मागितला. 'जाहीर कार्यक्रमात बेस गिटार आणि तिचा सरंजाम' असे मी कागदावर लिहून दिले, तेव्हा एका सभासदांच्या कपाळाला आठ्या पडल्या. या विषयाला इतिहास कसला, असे त्यांनी विचारले. त्यांचा प्रश्न रास्त होता आणि आजचे बोलणे हेच त्याचे उत्तर आहे. मी संगीताचा जाणकार नव्हे. शिक्षण दहावीपर्यंतचे, पुढचे जे काही ते संघटनेच्या कचेरीत रात्री चाळीसच्या दिव्याखाली झालेले. पण तरुणपणी चार हंगाम मी अमरावतीच्या एका ऑर्केस्ट्रात पेट्या उचलण्याचे काम केले आहे. तेव्हा या विषयाचे वजन मला पाठीवर ठाऊक आहे.

आरंभी एक गोष्ट करू. मी क्षणभर थांबतो. आपण या ध्वनिक्षेपकाकडे कान द्या. बारीकसा 'हूं' असा आवाज ऐकू येतो आहे. आपल्या देशातली वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते, आणि यंत्राची जोडणी सदोष असली की ती आवर्तने कर्ण्यातून बाहेर पडतात. आता बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर ती सेकंदाला ४१ वेळा कंप पावते, आणि तिसऱ्या पडद्यावर दाबली तर ४९ वेळा. पेटीवाल्यांच्या भाषेत हा पांढरी पाचचा खर्ज झाला. म्हणजे आपली वीज पांढरी पाचमध्ये, जरा चढी अशी, अखंड गात असते. अमेरिकेत ६० आवर्तनांची वीज आहे. तिकडची गुणगुण काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळते. बेस वाजविणाऱ्याचे पहिले भांडण या गुणगुणीशी असते, कारण ती त्याच्याच घरात येऊन बसलेली असते.

खर्ज आपल्याला नवा नाही. तंबोऱ्याची चौथी तार खर्जाचीच. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ऐनवेळी कणीक मळून लावतात, ती आवाज खाली उतरावा म्हणून. सतारीचा थोरला भाऊ सूरबहार, तोही खर्जासाठीच जन्माला आला. आपल्या वऱ्हाडात तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी घरोघर पोचलेली. चामड्यावर ओला हात फिरवून तिचा आवाज उतरविणारे वादक मोझरीच्या वाटेवर आपण सर्वांनी पाहिले आहेत. मात्र या साऱ्या खर्जाला एक मर्यादा होती. तो दहा-वीस हातांवरच्या माणसाला पोचावयाचा. मोठ्या समुदायापुढे कीर्तन करणाऱ्या गाडगेबाबांच्या हातात काठी असे आणि फुटके गाडगे. तेथे खर्जाला वावच नव्हता, आवाज पल्लेदार हवा होता. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा वक्त्यांनाही घशावरच भिस्त ठेवावी लागत असे.

पुढे ध्वनिक्षेपक आला. आपल्याकडे तो भोंग्याच्या रूपाने आला. दिल्लीच्या अहुजा कंपनीने १९४० मध्ये काम सुरू केले आणि तिचे अॅम्प्लिफायर हळूहळू खेडोपाडी जाऊन पोचले. भोंगा मोठा कामसू प्राणी आहे; थोड्या शक्तीत तो शिवारापलीकडे ऐकू जातो. परंतु सेकंदाला ३०० आवर्तनांच्या खालचे काही तो जवळजवळ बोलतच नाही. याचा एक मौजेचा परिणाम झाला. लग्नात, उरुसात, जत्रेत वऱ्हाडच्या खेड्यांनी दोन पिढ्या हिंदी सिनेमाची गाणी ऐकली ती खर्जावाचून. गायक ऐकू आला, व्हायोलिने ऐकू आली, पण त्यांना ज्याने खालून खांदा दिला होता तो माणूस कोणालाच ऐकू आला नाही.

हा माणूस कोण, हे सांगण्यासाठी थोडे मुंबईस आणि थोडे परदेशी जावे लागेल.

गोव्यात पोर्तुगीज अमलात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. तिथून निघालेले वादक मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवू लागले. ताजमहाल हॉटेलात १९३५ मध्ये लिऑन अॅबी याचा निग्रो वादकांचा ताफा आला, आणि त्या बैठकीतून गोव्याच्या कित्येक वादकांनी नवी विद्या उचलली. हेच लोक दिवसा सिनेमाच्या ध्वनिमुद्रणालयात. त्यांच्यात एक जण माणसाहून उंच असे व्हायोलिन उभे धरून बोटांनी छेडीत असे. ते डबल बेस. आवाज गंभीर, परंतु लहान. आणि बोजड इतके की लोकल गाडीच्या डब्यात त्यासह चढणाऱ्याला प्रवाशांच्या शिव्या ठरलेल्या.

तिकडे अमेरिकेतही हेच दुखणे होते. ढोल आणि पितळी वाद्यांच्या गदारोळात बेसवाला बिचारा बुडून जाई. सिअॅटल शहरी पॉल टुटमार्क नावाच्या गृहस्थाने १९३६ च्या सुमारास पडदे असलेले, आडवे धरावयाचे विजेचे बेस बनविले. पण ते चालले नाही. एव्हरेट हल याने १९४६ च्या सुमारास डबल बेसच्या खालच्या खुंटीतच ध्वनिग्राहक बसविला; या 'अॅम्प्लिफाइड पेग'वरून त्याच्या कंपनीचे नाव अॅम्पेग पडले. आणि १९५१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणले. हा फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते. वाजविणाऱ्यांचे गाऱ्हाणे त्याने दुकानात बसून ऐकले आणि त्यावर उपाय केला. डबल बेसवर पडदे नसतात, सूर बोटाने शोधावा लागतो; फेंडरने पडदे घातले, तार ४२ इंचांची ३४ इंचांवर आणली, वाद्य गळ्यात अडकविता येईल असे केले. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो म्हणून नाव 'प्रिसिजन'. पुढच्याच वर्षी त्याने बेसमन नावाचा अॅम्प्लिफायर काढला, कारण साध्या गिटारचा अॅम्प्लिफायर या वाद्याला पुरत नाही हे त्याच्या लगेच ध्यानात आले. या बेसमनची पुढे गंमत झाली. बेसवाल्यांना तो अपुरा पडू लागला आणि गिटारवाल्यांनी तो उचलला. लंडनच्या जिम मार्शलने १९६२ मध्ये आपला पहिला अॅम्प्लिफायर त्याच्यावरूनच बेतला.

डेट्रॉइट हे मोटारींचे, म्हणजे कामगारांचे शहर. तिथल्या मोटाऊन कंपनीत जेम्स जेमरसन नावाचा वादक होता. हाती प्रिसिजन बेस, आणि उजव्या हाताचे एकच बोट. अमेरिकेत ज्या गाण्यांनी घरेदारे नाचली त्यांतल्या शेकडो गाण्यांचा खर्ज त्या एका बोटाचा. परंतु तबकड्यांवर त्याचे नाव १९७१ पर्यंत छापले गेले नाही. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवीत. चरणजितसिंगही मुंबईचेच बेसवादक. किती श्रोत्यांनी ही नावे ऐकली आहेत? ज्यांनी ऐकली असतील त्यांनी हात वर करावा असे मी म्हणत नाही, कारण उगाच आपल्याला संकोच व्हावयाचा. जिथे नाव छापत नाहीत तिथे मोबदल्याचा हिशेबही धूसर राहतो, हे मला संघटनेच्या कामात पावलोपावली दिसले आहे.

आता वऱ्हाडात परत येऊ.

आमच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवीत ते बडनेऱ्याच्या रेल्वे वसाहतीतले एक वयस्क गृहस्थ. आम्ही त्यांना मास्तर म्हणत असू. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या नाचाच्या कार्यक्रमांत तरुणपणी ते डबल बेस वाजवीत असत. १९९० चा तो काळ. परदेशी वाद्यांवर जबर जकात आणि आयातीवर बंधने. फेंडर हे नाव आम्ही फक्त जुन्या मासिकातल्या चित्राखाली वाचलेले. मास्तरांची गिटार कलकत्त्याची होती. मान वाकलेली असे, आणि दर हंगामाला तिच्या आतल्या लोखंडी गजाचा पेच फिरवून ती सरळ करावी लागे. तारा तुटेपर्यंत वापरावयाच्या. त्यांचा आवाज मेला की मास्तर त्या काढून पातेल्यात उकळीत, पुसून उन्हात वाळवीत आणि पुन्हा चढवीत. घामाचे किटण उकळीने निघते आणि चार कार्यक्रम तार पुन्हा बोलू लागते. त्यांच्या घरी गेले की चुलीवर चहा शिजतो आहे की खर्ज, हे झाकण उघडल्यावाचून कळावयाचे नाही.

अॅम्प्लिफायर एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने जोडून दिला होता, पेटी सुताराने. त्या सुताराला मास्तरांनी जे सांगितले ते मी उभा राहून ऐकले होते, आणि पुढे ग्रंथात वाचले तेव्हा त्यातले बहुतेक खरे निघाले. खर्जाचा आवाज म्हणजे पुष्कळ हवा हलविणे. कागदी पडदा पुढे येतो तेव्हा त्याची पाठ मागे हवा ओढते. पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून पेटी सर्व बाजूंनी बंद हवी, किंवा मोजून ठेवलेले एक भोक तिला हवे. फळी जाड हवी, आत आडवे टेकू हवेत. फळी स्वतःच थरथरू लागली की वाद्याची शक्ती लाकूड हलविण्यात वाया जाते. सुताराने विचारले, "बाप्पा, हे कपाट हाय का कोठी?" मास्तर म्हणाले, "कोठीच समज. फक्त धान्य सांडता कामा नये."

आज कोणी तरुण मला विचारतो की कार्यक्रमासाठी काय घ्यावे, तेव्हा मी गिटारपासून सुरुवात करीत नाही. गिटार मध्यम प्रतीची असली तरी निभते, मान सरळ आणि पडदे घासलेले नसले म्हणजे झाले. तारा मात्र चांगल्या घ्याव्यात. गुळगुळीत वेष्टणाच्या तारांचा आवाज गोल आणि दबका. भजनाला, गझलेला, जुन्या गाण्याला त्या शोभतात. खडबडीत वेष्टणाच्या तारा टणत्कार करतात. ढोलताशाच्या गर्दीतून वाट काढावयाची तर त्याच हव्यात.

खरा प्रश्न शक्तीचा असतो. आपला कान खालच्या सुरांच्या बाबतीत बहिरट आहे. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये ते मोजून दाखविले. गायकाचा आवाज जितक्या शक्तीत खणखणीत वाटतो तितक्या शक्तीत खर्ज ऐकूच येत नाही. गिटारवाल्याचे ३० वॉट असतील तर बेसवाल्याला ३०० लागतात, असा ठोकताळा आहे. आणि दुकानदार '५० ऐवजी १०० वॉट घ्या, आवाज दुप्पट' म्हणतो त्यावर विश्वास ठेवू नये. शक्ती दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटावयास दसपट शक्ती लागते. त्यापेक्षा त्याच पैशांत दुसरी पेटी घेतली तर अधिक हवा हलते आणि खिसाही राखला जातो. पण दुसरी पेटी जोडताना ओहम पाहावे. ८ ओहमच्या दोन पेट्या शेजारी शेजारी जोडल्या की यंत्राला ४ ओहम दिसतात. यंत्र ४ पर्यंत सोसणारे असेल तर ठीक. तिसरी पेटी लावाल तर बहुधा शेवटच्या गाण्याआधी धूर निघेल. पेटीची तार जाड असावी, गिटारची बारीक तार पेटीला जोडू नये. हे सांगण्यासारखे नाही असे वाटेल, परंतु मी तसे करणाऱ्यांना पाहिले आहे. ते वितळलेल्या तारेकडे अचंब्याने पाहतात.

मांडवाचे शास्त्र निराळे. जाड तारेच्या सुराची एक लाट सुमारे २८ फूट लांब असते. कापडाच्या कनातीला ती जुमानीत नाही. खांबाला वळसा घालून मागे स्वयंपाक्यांपर्यंत जाते. म्हणून उघड्या सायन्स कोअर मैदानावर बेस पातळ लागतो, आणि टिनाच्या छपराच्या मंगल कार्यालयात तोच बेस घागरीत तोंड घातल्यासारखा घुमतो. घुमला की नवशिका तो आणखी वाढवितो. तिथे खालचे सूर कमी करून मधले, २०० ते ८०० आवर्तनांच्या दरम्यानचे, जरा वर आणले तर बोट कोणत्या पडद्यावर पडले ते लोकांना कळते. पेटी कोपऱ्यात ठेवली तर आवाज फुकट वाढतो; मोकळ्या जागी ही चोरी कामी येते, कोंदट सभागृहात अंगाशी येते. अकोल्यास प्रमिलाताई ओक सभागृहासारख्या ठिकाणी मोठ्या कर्ण्यांची सोय असली तर आपली पेटी फक्त आपल्या कानापुरती ठेवावी आणि वाद्याची तार डी.आय. नावाच्या छोट्या डबीतून मिश्रकाकडे पाठवावी. ही डबी अशक्त, लांबवर न टिकणारा आवाज दणकट करून देते आणि वाटेत चिकटणारी ती पांढरी पाच झटकून टाकते. साऱ्या सरंजामात कमी पैशांत अधिक उपयोगाची वस्तू हीच.

आणि आता अर्थिंग. माझ्या व्याख्यानाचे खरे कारण हे आहे.

आपल्याकडे ऑर्केस्ट्राचा हंगाम म्हणजे लग्नसराईचा, वैशाखातला. नेमकी तेव्हाच आपली काळी जमीन भेगाळलेली असते. अर्थिंगची सळई कोरड्या ढेकळात उभी असली तर ती असून नसल्यासारखी. वीज जमिनीत उतरत नाही. जाणता तारतंत्री सळईच्या खड्ड्यात मीठ टाकून घागरभर पाणी ओततो. खारपाणपट्ट्यातल्या गावांना, पूर्णाकाठच्या, याबाबत थोडे सुख आहे. तिथल्या ओल्या क्षारयुक्त मातीतून वीज सुरळीत जाते. जे पाणी माणसाला पिववत नाही ते अर्थिंगला मानवते.

१९९३ च्या उन्हाळ्यात अकोला जिल्ह्यातल्या एका गावी आमचा कार्यक्रम होता. भारनियमन चुकवावे म्हणून कंत्राटदाराने मिश्रक जनित्रावर घेतला आणि आमचा बेसचा अॅम्प्लिफायर शेजारच्या घरातल्या खटक्यावर. त्या घराला अर्थिंग नव्हते. त्या कंत्राटदाराचे नाव मी घेणार नाही. मास्तर सूर जुळवीत असताना मायक्रोफोनवर 'हॅलो' म्हणावयास वाकले. डावा हात तारांवर, ओठ जाळीला. एका बाजूला एक वीज, दुसऱ्या बाजूला दुसरी, आणि मध्ये माणूस. ते पाठीवर पडले. मी पेट्यांपाशी होतो. मी धावत जाऊन वायर उपसली. हे काही शौर्य नव्हे, खटका माझ्या हाताजवळ होता. मास्तर वाचले. ओठ भाजला होता, आणि डाव्या हाताची दोन बोटे पुढे सहा महिने बधिर राहिली. कार्यक्रम त्या रात्री झाला. बेसवाचून झाला. कंत्राटदाराने मास्तरांची बिदागी कापली, कारण ते वाजवू शकले नव्हते.

मी संघटनेच्या कामात ओढला गेलो तो त्या रात्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीमुळे.

उपाय अवघड नाही. रंगमंचावरची सर्व यंत्रे एकाच ठिकाणाहून, एकाच अर्थवर घ्यावीत. ३० मिलिअँपियरला तुटणारा सुरक्षा-खटका मध्ये असावा. आज तो एका रात्रीच्या फुलांच्या कमानीहून स्वस्त आहे. गुणगुण थांबविण्यासाठी प्लगची तिसरी पिन मोडून टाकण्याची जी चाल आहे ती बंद करावी. गुणगुण थांबते हे खरे, पण ती जाताना राखणदाराला सोबत घेऊन जाते. आणि वाद्य हाती घेण्यापूर्वी परीक्षक पेचकस मायक्रोफोनच्या जाळीला लावून पाहावा. मास्तर पुढे आयुष्यभर हे करीत. गायक हसत. मास्तरांना त्याचे काही वाटत नसे.

ओझ्याविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. अॅम्पेगने १९६९ मध्ये एस.व्ही.टी. नावाचे यंत्र काढले. ३०० वॉट, चौदा काचेच्या नळ्या, आणि खाली दहा इंची आठ कर्णे असलेली पेटी. रोलिंग स्टोन्सने त्याच वर्षीच्या दौऱ्यात ते नेले. नुसते यंत्र चाळीस किलोच्या आसपास, पेटी त्याहूनही जड. त्याच १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी-हमालांचा कायदा झाला, आणि त्याच्या दोन वर्षे आधी, १९६७ मध्ये, आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने एका पुरुष कामगाराने उचलावयाचे ओझे ५५ किलोंहून अधिक नसावे अशी शिफारस केली. ही दोन्ही वर्षे मी मुद्दाम शेजारी ठेवीत आहे. आमच्या सुताराची कोठी आम्ही दोघे पोरे उचलीत असू, एस.टी.च्या टपावर चढवीत असू. पेटीला हात घालावयास कडी असावी, कोपऱ्यांना पत्रा असावा, खाली चाके असावीत, हे पेटी घेणाऱ्याने पाहावे. तो न पाहील तर उचलणाऱ्याने मागावे. आता नव्या तऱ्हेची यंत्रे निघाली आहेत. त्यांना क्लास-डी म्हणतात. ५०० वॉटचे यंत्र तीन किलोंत येते आणि नव्या चुंबकांमुळे कर्णेही हलके झाले आहेत. जुने वादक म्हणतात की नळ्यांची ऊब यात नाही. असेल. पण हे बहुधा पेटी न उचलणाराच म्हणतो.

बेसवाल्याची भाकरी मात्र याहून जुन्या कारणाने गेली. जपानच्या रोलंड कंपनीने १९८१-८२ च्या सुमारास टी.बी.-३०३ नावाची एक चपटी डबी काढली. एकट्या गिटारवाल्याला बेसवादकावाचून सराव करता यावा, हा तिचा हेतू. हुबेहूब बेससारखा आवाज तिला काढता येईना आणि १९८४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. गंमत अशी की चरणजितसिंगांनी, जे स्वतः बेसवादक, त्यांनी ही डबी घेऊन १९८२ मध्ये दहा रागांची एक तबकडी काढली. ती कोणी विचारली नाही, आणि २०१० मध्ये पुन्हा निघाल्यावर मात्र युरोपातल्या तरुणांनी डोक्यावर घेतली. तोवर इकडे काम दुसऱ्याच यंत्राने केले होते. कीबोर्डवाल्याचा डावा हात बेस वाजवू लागला. ऑर्केस्ट्राच्या मालकाला एक माणूस कमी झाला. मग तयार ट्रॅक आले आणि कीबोर्डवालाही नकोसा झाला.

यावर अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने काय केले होते हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. जेम्स पेट्रिलो हा तिचा अध्यक्ष. तबकड्यांमुळे वादकांचे काम बुडते आहे म्हणून त्याने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. महायुद्ध चालू असताना, सरकार आणि वर्तमानपत्रे विरोधात असताना, तो १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत चालला. शेवटी कंपन्यांनी दर तबकडीमागे काही रक्कम एका निधीत टाकण्याचे मान्य केले, आणि त्या निधीतून वादकांना मोबदला देऊन लोकांसाठी मोफत जाहीर मैफली होऊ लागल्या. यंत्र बंद झाले नाही. यंत्राच्या कमाईतला वाटा मात्र मिळाला. मी हे उदाहरण आमच्याकडच्या मांडव-कामगारांच्या आणि वादकांच्या बैठकीत सांगतो तेव्हा ते विचारतात, आपल्याकडे निधी कोण भरणार? ज्याच्या गळ्यात कंपनीच नाही त्याने कोणाच्या दारी बसावे? या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नाही. २०२० च्या टाळेबंदीत तर कित्येकांनी वाद्ये विकली.

राहिला कानाचा प्रश्न. तो माझ्या घरचा आहे.

माझे वडील गिरणीत साचावर होते. विणकर खात्यात शेजारचा माणूस बोलतो ते ओठांवरून वाचावे लागते. तीस वर्षांनी ते बहिरे होऊन घरी बसले. गोंगाटाने येणारे बहिरेपण कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेले होते. वादकाचा कान मात्र त्या परिशिष्टात बसत नव्हता, कारण मांडव हा कारखाना नव्हे. झांजेशेजारी वीस वर्षे उभ्या राहिलेल्या माणसाचे बहिरेपण त्याचे त्याने सांभाळावे.

गोंगाटाचे नियम २००० मध्ये झाले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. नियम चांगले आहेत. फक्त एक पळवाट ध्यानात ठेवावी. मोजणीयंत्र ज्या मापाने मोजते ते माणसाच्या कानासारखे बेतलेले आहे, आणि ५० आवर्तनांचा आवाज ते ३० डेसिबलने कमी दाखविते. मिरवणुकीतली डी.जे.ची भिंत खिडक्यांची तावदाने हलविते, आजारी माणसाच्या छातीवर दडपण आणते, आणि यंत्राच्या काट्यावर मात्र निम्मीशिम्मी दिसते. त्या भिंतीला मी बेस म्हणत नाही. चार बोटांनी वाजविणारा माणूस तिथे कुठेच नसतो.

वडिलांना मी एकदा आमच्या कार्यक्रमाला घेऊन गेलो. १९९२ चा गणेशोत्सव होता. त्यांना काही ऐकू येणार नाही हे मला ठाऊक होते. मुलगा काय करतो ते त्यांनी पाहावे, एवढाच हेतू. ते पुढच्या सतरंजीवर मास्तरांच्या पेटीसमोर बसले. मांडी घालून, तळवा जमिनीवर टेकवून. तीन तास हलले नाहीत. परतताना सायकलच्या मागच्या बैठकीवरून मला मोठ्याने म्हणाले, बहिऱ्या माणसांना मोठ्याने बोलावयाची सवय असते म्हणून, "गानं तं काही आयकू आलं नाही पोरा. पन तो जाड तारवाला बुवा हाय ना, तो पुरा आयकू आला."

गोंगाटाने कान जातो तो वरून जातो, ४००० आवर्तनांच्या आसपास आधी. खालचे सूर शेवटपर्यंत टिकतात, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचले. त्या रात्री मला ते ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना ही हकीकत सांगितली. ते काही बोलले नाहीत. त्यांनी गिटार काढली, तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवून एक सूर छेडला, आणि अॅम्प्लिफायरची गुणगुण अजून त्याच सुरात येते आहे की काय, हे कान देऊन पाहू लागले.